देऊळवाडा कुणाच्या गावचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचे मूळ एकच निघाले: सर्व्हरवरची डिरेक्टरी आहे एका जागी आणि नेटवर्कवर ती दिसायला हवी दुसऱ्याच नावाने. म्हणून तिन्ही एकत्र घेते. चौथे लहान आहे, ते शेवटी. एक खुलासा आधीच करते. या स्तंभात रोमन अक्षर नको, असा आमच्या संपादकांचा हट्ट आहे. तेव्हा आज्ञा इथे नागरीत वाचा आणि संगणकावर रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. ‘एमएनटी’ म्हणजे तीन रोमन अक्षरे, ‘एसआरव्ही’ म्हणजेही तीनच.

प्रश्न (फोंड्याहून, एक छापखानावाले): बाई, नमस्कार. आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके, चवथीच्या आधी आरत्यांची पुस्तके. मे महिन्यातल्या गडगडाटात आमचा जुना सर्व्हर जळाला. नवीन घेतला, त्यावर डेबियन लिनक्स टाकून घेतले. जुन्या सर्व्हरवर सगळी कामे /एसआरव्ही/छपाई या डिरेक्टरीत असायची. पानजुळणीच्या फायलींत चित्रांचे पत्ते तसेच लिहिलेले आहेत, शेकडो पाने आहेत. नव्या सर्व्हरवर मोठी डिस्क वेगळी असल्यामुळे कामे /एमएनटी/डिस्क२/छपाई इथे ठेवावी लागली. मी युक्ती केली: एसआरव्हीमध्ये ‘छपाई’ नावाची सिम्बॉलिक लिंक केली, ती डिस्क२ कडे वळवली, आणि अख्खे एसआरव्ही एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून डिरेक्टरी वाटायच्या पद्धतीने, वाटले. सर्व्हरवर बसून पाहिले तर उघडते. भावाच्या यंत्रावर तीच लिंक लाल दिसते आणि ‘अशी फाईल नाही’ म्हणते. भाचीच्या यंत्रावर तर कहर झाला. तिथे ‘छपाई’ उघडले की तिचे स्वतःचेच जुने फोटो येतात! सर्व्हरवर तिचा एकही फोटो नाही. हे काय आहे?

उत्तर: भाचीला माझ्यातर्फे पेढे द्या, तिच्या यंत्रानेच चोर पकडून दिला आहे. एक विचारून घ्या: तिच्या यंत्रात दुसरी डिस्क आहे ना? आणि ती /एमएनटी/डिस्क२ इथेच लावलेली आहे ना? तिच्यात ‘छपाई’ नावाचा फोल्डरही असणार, कधीतरी फोटो छापायला म्हणून केलेला. माझी खात्री आहे.

असे बघा. आमच्या गावात देऊळवाडा आहे. माशेललाही देऊळवाडा आहे. समजा, मी माशेलच्या कुणाला चिठ्ठी धाडली: ‘तुमचे सामान देऊळवाड्यावर ठेवले आहे, घेऊन जा.’ तो चिठ्ठी वाचेल आणि चपला घालून स्वतःच्या देऊळवाड्यावर जाईल. तिथे माझे सामान नसणार. कदाचित दुसऱ्याच कुणाचे तरी असेल आणि तो ते उचलून आणेल. चूक त्याची नाही, चिठ्ठीत गावाचे नावच नव्हते.

सिम्बॉलिक लिंक ही अशी चिठ्ठी असते. तिच्यात फक्त एक मजकूर लिहिलेला असतो, इथे ‘/एमएनटी/डिस्क२/छपाई’. एनएफएसचा सर्व्हर ती चिठ्ठी स्वतः उलगडून त्या जागी जात नाही. समोरचे यंत्र विचारते, ‘या लिंकमध्ये काय लिहिले आहे?’ सर्व्हर मजकूर वाचून दाखवतो आणि गप्प बसतो. पुढची वाट समोरचे यंत्र चालते, स्वतःच्या डिरेक्टऱ्यांच्या झाडावर, स्वतःच्या मुळापासून. भावाच्या यंत्रावर अशी वाटच नाही, म्हणून लाल. भाचीच्या यंत्रावर आहे, म्हणून फोटो. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये एनएफएस तयार केले तेव्हापासून हा रिवाज आहे. तो बिघाड नाही, मुद्दाम तसा ठेवलेला आहे. वाटणीच्या आतून आतच जाणारी सापेक्ष लिंक (मुळापासून नाही, लिंक आहे तिथून वाट सांगणारी) मात्र बिनदिक्कत चालते, कारण ती वाट दोन्हीकडे सारखीच असते. तुमची लिंक वाटणीच्या बाहेर गेली, तिथे गाडी अडली.

आता उपाय. सोपा उपाय तुमच्या भावाला कदाचित सुचलाही असेल: एनएफएसमध्ये वाटणी कुठे लावायची हे प्रत्येक यंत्र स्वतः ठरवते. सर्व्हरवर पत्ता /एमएनटी/डिस्क२/छपाई असला तरी भावाच्या यंत्रावर तो /एसआरव्ही/छपाई इथे लावता येतो, आणि पानांतले पत्ते जुळतात. दोन यंत्रे असती तर मी म्हटले असते, हेच करा आणि चहा घ्या. पण छापखान्यात दोनच यंत्रे नसणार. प्रत्येकाच्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना काय कुठे लावायचे त्या यादीच्या फायलीत, आज ‘डिस्क२’ लिहिले, की पुढच्या मे महिन्यात ती डिस्क गेली आणि ‘डिस्क३’ आली तर पुन्हा प्रत्येक यंत्रापुढे बसा. डिस्क कुठे आहे हे फक्त सर्व्हरला माहीत असावे. बाकीच्यांना ‘छपाई’ एवढेच पुरे.

म्हणून सर्व्हरवर चिठ्ठीऐवजी त्याच खोलीला दुसरे दार करा. त्याला बाइंड माउंट म्हणतात. आधी ती सिम्बॉलिक लिंक काढून टाका, तिच्या जागी ‘छपाई’ नावाची रिकामी डिरेक्टरी करा, आणि मग:

माउंट --बाइंड /एमएनटी/डिस्क२/छपाई /एसआरव्ही/छपाई

आता दोन्ही पत्त्यांवर तीच डिरेक्टरी आहे. पडताळायचे असेल तर ‘एलएस -आयडी’ या आज्ञेपुढे दोन्ही पत्ते द्या. आकडा येईल तो इनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरच्या त्या डिरेक्टरीचा ओळख क्रमांक, दोन्हींचा सारखाच. लिंक असताना हीच आज्ञा चालवली असती तर लिंकचा आकडा निराळा आला असता, कारण चिठ्ठी ही खोलीपासून वेगळी वस्तू आहे. दारे मात्र दोन असली तरी खोली एकच असते.

मग वाटणी. इटीसीमधल्या एक्सपोर्ट्स फायलीत अख्खे एसआरव्ही न वाटता नेमकी डिरेक्टरी वाटा:

/एसआरव्ही/छपाई 192.168.1.0/24(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

तुमच्या नेटवर्कचे आकडे वेगळे असतील, ते घाला. या ओळीत एक जागा बघा: 24 आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा नाही. तिथे बोट घसरून एक स्पेस पडली तर अर्थ पार बदलतो. मग कंसातली लिहिण्याची परवानगी तुमच्या नेटवर्कला न मिळता साऱ्या जगाला मिळते, आणि तुमच्या नेटवर्कला उरते नेहमीची, फक्त वाचण्याची. माणूस मग ‘लिहिता का येत नाही’ म्हणून दोन तास डोके धरून बसतो आणि दार सताड उघडे आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. मी बसले आहे, म्हणून सांगते. ओळ झाली की ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ चालवा, सर्व्हर फाईल पुन्हा वाचेल. दुसऱ्या यंत्रावरून ‘शोमाउंट -ई’ पुढे सर्व्हरचे नाव द्या, काय वाटले आहे ते दिसेल. नव्या सर्व्हरला जुन्याचेच नाव आणि जुनाच आयपी पत्ता दिलात तर भावाच्या, भाचीच्या, कुणाच्याच यंत्रावर एकही अक्षर बदलावे लागणार नाही.

नेटवर शोधाल तर तुम्हाला ‘एफएसआयडी=0’ घालायचा सल्ला हमखास सापडेल. थोडा थांबा. एनएफएसची चौथी आवृत्ती 2000 मध्ये आली, 2003 मध्ये ती सुधारून पक्की झाली, आणि तिच्यात सर्व्हर आपल्या सगळ्या वाटण्यांचे एकच झाड दाखवतो. लिनक्सवर पूर्वी त्या झाडाचे मूळ कुठले हे एफएसआयडी=0 लिहून सांगावे लागे. मूळ /एसआरव्ही ठरवले की चौथ्या आवृत्तीत समोरच्याने नुसते ‘/छपाई’ म्हणायचे. छान दिसते, मान्य. पण तिसऱ्या आवृत्तीने बोलणारे जुने यंत्र त्याच डिरेक्टरीला ‘/एसआरव्ही/छपाई’ असेच म्हणत राहते. एकाच वाटणीला एकाच छापखान्यात दोन पत्ते, आणि एखाद्या यंत्राने चौथ्या आवृत्तीत जुना पूर्ण पत्ता मागितला तर ‘नाही’ असे उत्तर. आताची सॉफ्टवेअरे झाडाचे मूळ आपोआप धरतात, म्हणून ते लिहायचेच नाही. पत्ता पूर्ण राहू दे. तुमच्या पानांना तोच हवा आहे.

बाइंड हाताने केलेला असला तर तो सर्व्हर बंद होईपर्यंतच टिकतो. कायमचा हवा तर एफएसटॅबमध्ये:

/एमएनटी/डिस्क२/छपाई /एसआरव्ही/छपाई नन बाइंड 0 0

आणि आता पावसाळा. ही डिस्क२ यूएसबीवरची बाहेरची पेटी आहे की आतली, हे तुम्ही लिहिले नाही. बाहेरची असेल, आणि कुणीतरी रोज हाताने लावत असेल, तर जुलैत असे होईल: रात्री वीज जाईल, पहाटे येईल, सर्व्हर उठेल, पण पेटी लागलेली नसेल. /एमएनटी/डिस्क२ ही तेव्हा नुसती रिकामी डिरेक्टरी असते. कुणीतरी त्या घाईत तिच्यात ‘छपाई’ करून बाइंड लावून टाकेल, किंवा पूर्वी कधी तशी राहिलेली असेल. सकाळी सगळ्यांना छपाई रिकामी दिसेल, आरडाओरडा होईल. कुणीतरी शहाणा म्हणेल, ‘चला, नवीन काम तरी सेव्ह करू.’ ते काम जाईल पहिल्या डिस्कवर. दुपारी पेटी लावून बाइंड पुन्हा केला की तिच्याखाली ते झाकले जाईल. हरवलेले नाही, पण कुणाला सापडणारही नाही. दोन दिवसांनी गिऱ्हाईक पत्रिकेचे प्रूफ मागायला उभे राहील.

दोन गोष्टी करा. डिस्कलाही एफएसटॅबमध्ये नाव द्या, आणि ते ‘एसडीबी’ वगैरे न देता तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, द्या, कारण एसडीबी-एसडीसी ही नावे पेट्या लावण्याच्या क्रमाने बदलतात. डिस्क एफएसटॅबमध्ये असली की सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारी व्यवस्था) आधी ती लावते आणि मगच बाइंड. दुसरे, डिस्क काढलेली असताना तिची रिकामी डिरेक्टरी कुलूपबंद करा: ‘सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/डिस्क२’. मग डिस्क नसेल तेव्हा तिथे रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्यालासुद्धा, काही लिहिता येत नाही, आणि चूक लपून न राहता लगेच कळते. डिस्क लागली की वरचा कारभार नेहमीसारखा चालतो. ही युक्ती मला फार आवडते. फुकट आहे आणि इन्व्हर्टरपेक्षा भरवशाची आहे.

फायली दिसल्या पण सेव्ह होत नाहीत असे झाले तर माणसांचे क्रमांक बघा. एनएफएस साधारणपणे नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखते. भावाचा क्रमांक त्याच्या यंत्रावर 1000 आणि सर्व्हरवर 1001 असेल तर सर्व्हरला तो दुसराच कुणी वाटतो. ‘आयडी’ ही दोन अक्षरांची आज्ञा दोन्हीकडे चालवून पाहा.

आणि डिस्क२ वर छपाईच्या शेजारी तुमचे हिशेब, उधारीची वही असे काही असेल तर ते दुसऱ्या पार्टिशनवर हलवा. एकाच फाईलसिस्टिममधली एक डिरेक्टरी वाटली म्हणजे बाकीच्या भिंतीआड गेल्या असे होत नाही. ‘नो_सबट्री_चेक’ लिहिल्यावर सर्व्हर दर वेळी तपासत नाही की मागितलेली फाईल खरोखर त्याच डिरेक्टरीच्या खाली आहे. मुरलेला माणूस फाईलचा क्रमांक अंदाजाने मागू शकतो. छापखान्यात असा माणूस नसेल, पण भाची हुशार दिसते.

प्रश्न (मडगावहून, कापडाचे दुकान): आमच्याकडे सगळी यंत्रे विंडोजची, सर्व्हर लिनक्स. हिशेबाचा फोल्डर पूर्वीच्या हिशेबनिसाच्या होम डिरेक्टरीत आहे, पाच पायऱ्या खोल. ते गृहस्थ सोडून गेले. त्यांचे नाव कुठेही न दिसता सगळ्यांना नुसते ‘हिशेब’ दिसावे, असे होईल का? त्यांचे खातेही काढून टाकायचे आहे.

उत्तर: खाते काढायला आज हात लावू नका. आधी वाचा.

विंडोजला वाटणी द्यायची म्हणजे साम्बा. त्यात तुम्हाला हवे ते जन्मापासूनच आहे: नाव वेगळे, जागा वेगळी. कॅनबेरात बसून अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991 च्या डिसेंबरात हे काम सुरू केले. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शब्दकोशातून शोधले, त्यात ‘साम्बा’ सापडला. एसएमबी हे विंडोजच्या वाटणीच्या बोलीचे नाव. साम्बाच्या कॉन्फ फायलीत चौकोनी कंसात ‘हिशेब’ लिहायचे आणि खालच्या ओळीत ‘पाथ =’ पुढे खरी जागा. विंडोजवाल्याला फक्त कंसातले दिसते. ‘टेस्टपार्म’ चालवून फाईल बरोबर आहे का बघा. इथे बाइंडचीही गरज नाही.

पण होम डिरेक्टरीतून वाटणी करायची म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या स्वयंपाकघरात दुकान थाटणे. एक तर ती होम डिरेक्टरी बहुधा इतरांना बंद असेल, आणि साम्बाला शेवटच्या फोल्डरपर्यंत जायला वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीतून पुढे जाण्याची परवानगी लागते. हिशेबाचा फोल्डर उघडा केलात आणि वरचे दार बंद असेल तर उपयोग नाही. दुसरे, ‘यूजरडेल’ या आज्ञेला ‘-आर’ जोडले की खात्याबरोबर होम डिरेक्टरीही जाते. तुमच्या इतक्या वर्षांच्या हिशेबासकट.

म्हणून रविवारी दुकान बंद असताना: आधी पूर्ण बॅकअप. मग फोल्डर /एसआरव्ही/हिशेब इथे नक्कल करा, मालकी आणि परवानग्या ठीक करा, कॉन्फमधली ‘पाथ’ची ओळ बदला, साम्बा पुन्हा सुरू करा. सोमवारी मुले येतील, त्यांचा एच ड्राइव्ह असेल तिथे क्लिक करतील आणि काही बदलले हे त्यांना कळणारही नाही. महिनाभर जाऊ द्या, मगच खाते काढा.

तुम्ही लिंकेचे विचारले नाही, पण विचाराल. साम्बात सिम्बॉलिक लिंक सर्व्हर स्वतःच उलगडतो, एनएफएससारखे समोरच्यावर टाकत नाही. वाटणीच्या बाहेर नेणारी लिंक मात्र तो अडवतो. 2010 पासून ‘वाइड लिंक्स’ हे मुळातच बंद असते, आणि ते उघडायचा सल्ला देणारे बरेच भेटतील. बंदच राहू द्या. बाहेरचे काही आत दाखवायचेच असेल तर वर सांगितलेला बाइंड इथेही चालतो.

प्रश्न (साखळीहून, एक शिक्षिका): तुमच्या मागच्या एका उत्तरावरून शाळेच्या सर्व्हरवर बाइंड केले. आता ‘फोटो’ फोल्डर दोन ठिकाणी दिसतो आणि दोन्हीकडे 60 जीबी दाखवतो. डिस्क अर्धी भरली असे वाटते. एक काढून टाकू का?

उत्तर: काढू नका! हे पत्र वाचून मी आधी पाणी प्यायले.

60 जीबी एकदाच आहे, फक्त ते दोन दारांतून दिसते. ‘डीएफ’ने डिस्कवर खरी किती जागा गेली ते बघा, 120 भरणार नाही. ‘फाइंडएमएनटी’ चालवा, त्यात बाइंडच्या ओळीत डिस्कच्या नावापुढे चौकोनी कंसात मूळ डिरेक्टरी दिसेल. ती दिसली की समजा, हे दुसरे दार आहे, दुसरी खोली नाही.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत होते तेव्हाची गोष्ट. मुलांच्या प्रकल्पांची डिरेक्टरी मी अशीच बाइंड करून सोप्या नावाने ठेवली होती. चवथीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. आमच्याकडे एक मदतनीस होता, अतिशय कामसू, आणि कामसू माणसाला पसारा दिसवत नाही. त्याला वाटले, बाईंनी नक्कल करून ठेवली आहे आणि विसरल्या आहेत. त्याने सोप्या नावाच्या डिरेक्टरीत ‘आरएम -आरएफ’ चालवले. मग मूळ बघायला गेला आणि तेही रिकामे! तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी त्याला आधी बसवले. बॅकअप होता, पण चार दिवसांपूर्वीचा. शेवटच्या वर्षाच्या मुलांची चार दिवसांची कामे गेली. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या वेळी मी घरी न जाता मुलांना फोन करत बसले होते, कुणाच्या पेनड्राइव्हवर काही आहे का. निम्म्यांकडे होते. चूक त्याची नव्हती. मी त्या डिरेक्टरीत दोन ओळींची सूचनेची फाईलसुद्धा ठेवली नव्हती.

तेव्हा: दुसरे दार नको असेल तर आधी ‘यूमाउंट’ करून बाइंड काढा आणि एफएसटॅबमधली ओळ खोडा. मागे रिकामी डिरेक्टरी उरेल. ती ‘आरएम’ने नाही, ‘आरएमडिर’ने काढा. आरएमडिर भरलेल्या डिरेक्टरीला हात लावत नाही आणि बाइंड अजून लागलेला असेल तरीही नकार देतो. माझ्या मदतनिसाने आरएमडिर वापरले असते तर त्याला फक्त एक तक्रार वाचावी लागली असती.

बॅकअप ‘आरसिंक’ने घेत असाल तर हेही बघा. ‘-एक्स’ दिले की तो दुसऱ्या फाईलसिस्टिमवर जात नाही, म्हणून बरेच जण निश्चिंत असतात. पण बाइंड त्याच डिस्कवरचा असेल तर आरसिंकला ती तीच फाईलसिस्टिम वाटते आणि तो फोटो दोनदा नेतो. बॅकअपची डिस्क मात्र तेव्हा खरोखरच 120 भरते. बाइंडची डिरेक्टरी ‘--एक्स्क्लूड’ने वगळा. मूळ वगळू नका, दार वगळा. आणि आता तरी दोन ओळींची फाईल ठेवा: ‘ही नक्कल नाही. पुसाल तर मूळ जाईल.’ मराठीत लिहा, म्हणजे सगळे वाचतील.

प्रश्न (पेडण्याहून): मुलगा पुण्याला असतो. आमच्या घरच्या सर्व्हरवरचे एनएफएस त्याला तिथून लावता येईल का? राउटरवर 2049 हे पोर्ट उघडले की चालेल असे कुणी सांगितले.

उत्तर: चालेल, आणि ते सगळ्या जगाला चालेल. उघडू नका. वायरगार्ड लावा, म्हणजे दोन यंत्रांमधला खाजगी, कुलूपबंद बोगदा. लिनक्सच्या कर्नलमध्ये ते 2020 पासून, म्हणजे 5.6 आवृत्तीपासून आहे. मुलाच्या यंत्राला त्या बोगद्यातला एक खाजगी आकडा मिळेल. एक्सपोर्ट्सच्या ओळीत फक्त तो आकडा लिहा. आणि कंसाच्या आधी स्पेस नको.